कांदा, चक्का आणि पाण्याचा हिशेब

पापड, काकडीचे काप किंवा भाकरीचा तुकडा ज्यात बुडवून खायचा असा घट्ट, आंबूस आणि मऊसूत पदार्थ, ज्याला आता गावातही सर्रास डिप म्हटले जाते, त्याचा कांद्याचा प्रकार मूळचा अमेरिकेतला असला तरी त्याचे दोन्ही घटक, म्हणजे आंबवलेले घट्ट दूध आणि मंद आचेवर परतलेला कांदा, महाराष्ट्रातल्या कोणत्याही स्वयंपाकघराला नवे नाहीत. अमेरिकेत लिप्टन कंपनीने १९५२ साली वाळवलेल्या कांद्याच्या सुपाची पाकिटे बाजारात आणली. १९५४ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या परिसरात कोणीतरी, ज्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, ती भुकटी आंबवलेल्या सायीत कालवून पाहुण्यांपुढे ठेवली. ही कृती वर्तमानपत्रांतून आणि तोंडोतोंडी पसरली, आणि १९५८ पासून कंपनीने स्वतःच ती पाकिटावर छापायला सुरुवात केली. त्या पाकिटाच्या यशाचे खरे कारण चवीपेक्षा सोय हे होते, कारण भुकटी सायीत कालवायला दोन मिनिटे पुरतात, आणि कांदा नीट परतायला पाऊण तास लागतो. परंतु ज्या घरात आमटीच्या वाटणासाठी कांदा-खोबरे भाजणे आणि सणाला चक्का टांगणे ही नेहमीची कामे आहेत, त्या घराला पाकिटाची गरज भासण्याचे काही कारण नाही.

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महाडजवळच्या सावित्रीकाठी वसलेल्या आणि गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या सव गावापासून पोलादपूरच्या घाटपायथ्यापर्यंतचा पट्टा हा मुख्यतः भाताचा आणि नाचणी-वरीचा आहे. कांद्याचे मोठे पीक येथे होत नाही. तो घाटावरून येतो. वरंध घाटाने भोर आणि पुण्याकडे, आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर व साताऱ्याकडे जाणाऱ्या वाटांनी देशावरचा माल महाडच्या जुन्या बंदरपेठेत उतरत असे, आणि आजही येथल्या दुकानांतला लाल कांदा बहुतांशी देशावरचाच असतो. दुसऱ्या बाजूला, त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला अलिबाग तालुक्यात, पांढऱ्या कांद्याचे एक वेगळे पीक आहे आणि त्याची कीर्ती जुनी आहे. म्हणजे या पट्ट्यातल्या घरापुढे दोन अगदी वेगळ्या स्वभावांचे कांदे असतात, आणि कांद्याचे डिप चांगले होणे हे या दोघांना आपापल्या जागी वापरण्यावर बरेचसे अवलंबून आहे.

हा पदार्थ कोणत्या दिवशी करावा, याचेही उत्तर येथल्या पंचांगातच आहे. आषाढ शुद्ध एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो आणि अनेक घरांत त्या चार महिन्यांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. म्हणून त्याच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, पोटभर कांदा खाऊन घेण्याची कांदेनवमी साजरी होते. भजी, थालीपीठ, झुणका, भरले कांदे अशा ताटात कांद्याचे थंड, आंबूस डिप चपखल बसते, कारण बाकीचे सारे पदार्थ गरम, तळलेले आणि तिखट असतात. गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी परततात तेव्हा घर भरलेले असते खरे, पण नैवेद्याच्या दिवसांत कांदा चालत नसल्याने हा पदार्थ तेव्हाचा नव्हे. शिमगा, हळदीची रात्र, आणि थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात घालून शेतातल्या जाळावर शिजवण्याची पोपटी, हे त्याचे बाकीचे हक्काचे प्रसंग आहेत.

डिपचा पाया घट्ट असणे ही पहिली अट आहे, आणि नवशिक्याच्या हातून बहुतेक वेळा ती अटच मोडते. दह्यात कांदा कालवला तर कोशिंबीर होते. ती ताटात सुंदर असते, पण पापडावर टिकत नाही, ओघळून जाते. दूध विरजले जाते तेव्हा त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. आम्लता मोजण्याच्या सामू या मापावर दूध साधारण ६.६ वरून ४.६ पर्यंत उतरले की त्यातली कॅसिन नावाची प्रथिने एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे एक सलग जाळे तयार होते. या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात, आणि त्यालाच आपण दही लागले असे म्हणतो. दही मलमलच्या फडक्यात बांधून टांगले की वजनाच्या दाबाने जाळे आक्रसते, हिरवट पिवळसर निवळी गळून जाते आणि मागे चक्का उरतो. श्रीखंडासाठी तो रात्रभर टांगतात. डिपसाठी इतका कोरडा चक्का नको, कारण तो कांद्याबरोबर मिसळताना गुठळ्या धरतो. चार ते सहा तास पुरेसे होतात. ओळख अशी की, फडके उघडल्यावर चक्क्याचा गोळा कडेने सुटलेला असावा, पण बोटाने दाबला असता मधोमध मऊ लागावा.

म्हशीच्या दुधाचे दही या कामाला अधिक चांगले, कारण म्हशीच्या दुधात साधारण सहा ते आठ टक्के स्निग्धांश असतो, तर गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार. आणि जिभेला जे मऊसूत लागते ते मुख्यतः स्निग्धांशामुळे. पिशवीतले टोन्ड दूध वापरायचेच असेल तर मिसळताना दोन-तीन चमचे घरची ताजी साय फेटून घालावी. एक किलो दह्याचा चक्का साधारण चारशे ते साडेचारशे ग्रॅम उतरतो, आणि पाहुण्यांची संख्या पाहून दही लावताना हा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. महाड-पोलादपूरसारख्या, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि पावसाळ्याबाहेरही दमट असणाऱ्या भागात चक्का ओट्यावर टांगून ठेवणे धोक्याचे आहे, कारण दही त्या सहा तासांत आणखी आंबते आणि डिपची चव आंबटाकडे झुकते. त्यामुळे फडक्याची पुरचुंडी गाळणीत ठेवून गाळणी खोलगट भांड्यावर बसवावी आणि सगळे भांडे शीतकपाटात सरकवावे. खाली जमणारी निवळी फेकू नये. भाकरीचे पीठ मळायला, कढीत किंवा सारात ती उत्तम लागते.

कांद्याच्या बाबतीत खरा प्रश्न आहे तो कच्चा वापरावा की परतलेला, हा. कच्च्या कांद्याचा झणझणीतपणा त्याच्यातल्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, पण ही संयुगे अखंड कांद्यात जवळजवळ गंधहीन स्वरूपात, वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरी चालली की कप्पे फुटतात, ॲलिनेझ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारे प्रथिन, त्या संयुगांवर काम करते आणि तिखट वास बाहेर पडतो. डोळ्यांत पाणी आणणारा वायू याच साखळीत जन्मतो. तो तयार करणारे आणखी एक स्वतंत्र विकर आहे, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. दह्यात कच्चा तिखट कांदा घातला की पहिला अर्धा तास छान लागते, पण ती तिखट संयुगे स्निग्धांशात मुरत जातात, आणि दुसऱ्या दिवशी तेच डिप उग्र, जवळजवळ कडवट लागते. मेजवानी संध्याकाळी असेल आणि डिप सकाळीच करून ठेवायचे असेल, तर ही गोष्ट निर्णायक ठरते.

परतल्यावर चित्र पालटते. देशावरचा उन्हाळी कांदा, म्हणजे रब्बीत लावून एप्रिल-मेमध्ये काढलेला आणि चाळीत साठवलेला लाल कांदा, हा तिखट असतो, पण शिजल्यावर त्याच्याइतकी खोल चव दुसऱ्या कांद्याला येत नाही, कारण चिरताना जी गंधकसंयुगे डोळ्यांना झोंबतात त्यांच्यापासूनच उष्णतेमुळे रस्सेदार, मांसाच्या रश्शाची आठवण देणारा सुगंध तयार होतो. शिवाय कांद्यात शर्करा असते. तिखटपणा उष्णतेने ओसरला की मागे दबलेली गोडी वर येते. या दोन गोष्टी एकत्र आल्याने कांद्याच्या डिपला मेजवानीचा भारदस्तपणा येतो, आणि म्हणूनच मुख्य भाग परतलेल्या लाल कांद्याचाच असावा.

वीस माणसांसाठी सहाशे ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे सहा-सात कांदे पुरतात. ते उभे, सारख्या जाडीचे चिरावेत, कारण बारीक चिरलेला भाग आधी करपतो आणि जाड भाग कच्चा राहतो. जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल घ्यावे. येथे तूप किंवा खोबरेल तेल वापरण्याचा मोह टाळावा, कारण दोन्ही गारव्यात थिजतात आणि शीतकपाटातून काढलेल्या डिपमध्ये जिभेला बारीक रवाळ कण लागतात. कांदा घातल्यावर चिमूटभर मीठ टाकावे. मिठाने पाणी सुटते आणि पहिल्या दहा मिनिटांत कांदा त्याच पाण्यात मऊ होतो.

कांद्यात दर शंभर ग्रॅममागे सुमारे सत्याऐंशी ग्रॅम पाणी असते, आणि जोवर हे पाणी पातेल्यात आहे तोवर कांद्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. शर्करा आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले यांच्यातल्या ज्या अभिक्रियेने पदार्थ तांबूस होतो, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ती अभिक्रिया, जोमाने चालायला त्याहून बरीच अधिक उष्णता आणि कोरडेपणा लागतो. यातूनच कांद्याचा रंग आधी पारदर्शक, मग फिकट पिवळा, नंतर मधासारखा आणि शेवटी खजुरासारखा होण्याचा क्रम लागतो. दहा मिनिटांत कांदा लालसर होतो असे अनेक पाककृतींत छापलेले असते. ते खरे नाही, आणि त्यावर विश्वास ठेवून आच वाढवणाऱ्यांचा कांदा कडेला काळा आणि आत कच्चा राहतो. मंद आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटे लागतातच. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास पातेल्याच्या बुडाला तांबूस पुटे धरू लागतात. ही करपण्याची खूण नाही, साऱ्या कृतीतली सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच आहे. एक चमचा पाणी शिंपडून उलथन्याने ती खरवडली की विरघळून पुन्हा कांद्यात मिसळते, आणि हे तीन-चार वेळा केले की सगळ्या पातेल्याला एकसारखा रंग चढतो. शेवटी सहाशे ग्रॅमचे दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम उरतात. वेळ वाचवण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती सांगितली जाते. तिने रंग लवकर येतो हे खरे, पण कांद्याच्या पेशीभित्ती विरघळून त्याचा लगदा होतो, आणि डिपमध्ये कांद्याचे तंतू दाताखाली यायचे सुख नाहीसे होते. साखर घालण्याची तर मुळीच गरज नाही.

कोकणातल्या घरात याला एक पर्याय सहज उपलब्ध आहे आणि तो अनेकांना परतलेल्या कांद्यापेक्षाही आवडेल. चुलीच्या निखाऱ्यात किंवा पोपटीच्या विझत आलेल्या जाळात अख्खा कांदा सालीसकट पुरून ठेवला की वरचे दोन-तीन पापुद्रे कोळसा होतात आणि आतला गाभा स्वतःच्याच वाफेत शिजून लोण्यासारखा मऊ होतो. जळके पापुद्रे काढून हा गाभा पाट्यावर ठेचून चक्क्यात मिसळला तर धुराचा वास असलेले डिप मिळते. त्यात रंगाची खोली कमी असते, पण शेतातल्या मेजवानीला तेच शोभते. तसेच, महाड परिसरातल्या कोकणी मुसलमान घरांत बिर्याणीसाठी कुरकुरीत तळून ठेवलेला कांदा असतोच. वाढण्याच्या क्षणी तो मूठभर चुरून वर पसरला की मऊ डिपवर कुरकुरीत थर येतो. तो आधीपासून मिसळून ठेवू नये, पाणी शोषून लिबलिबीत होतो.

आता अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची जागा. खरीप भाताची कापणी झाली की त्याच खाचरांत हा कांदा लावतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून तो बाजारात येतो; पातीसकट वेणीसारखा विणून त्याच्या माळा केल्या जातात आणि हंगामात मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला वडखळच्या परिसरात या पांढऱ्याशुभ्र माळा टांगलेल्या दिसतात. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये त्याचा उल्लेख आहे, आणि २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाने विकण्याचा हक्क त्या प्रदेशात पिकलेल्या कांद्यापुरता कायद्याने राखला गेला. हा कांदा गोड आणि सौम्य आहे. चिरताना डोळ्यांना फारसा त्रास देत नाही. तो पाऊण तास परतणे म्हणजे त्याचा अपव्यय आहे, कारण ज्या तिखट संयुगांपासून परतलेल्या कांद्याची खोल चव येते तीच त्याच्यात कमी आहेत. त्याचा खरा उपयोग कच्चा, अगदी बारीक चिरून, डिपमध्ये शेवटी मिसळण्यासाठी आहे. दाताखाली करकरीतपणा येतो, आणि उग्रपणा येत नाही. रंगाचाही एक फायदा आहे: लाल कांद्यातले रंगद्रव्य दह्याच्या आम्लात गुलाबी होऊन सुटते आणि डिपला फिकट गुलाबी छटा येते, पांढऱ्या कांद्याने ती येत नाही. शिमग्याच्या सुमाराला हा कांदा नवा आणि रसरशीत असतो. कांदेनवमीपर्यंत मात्र पावसाच्या दमटपणात त्याच्या माळा टिकवणे कठीण, कारण गोड आणि पाणीदार कांदा लवकर कोंभ धरतो किंवा सडतो. तेव्हा त्या दिवशी कच्च्या भागासाठी कांद्याची हिरवी पात वापरणे अधिक शहाणपणाचे, आणि तीही न मिळाल्यास लाल कांदा बारीक चिरून, मीठ चोळून, दहा मिनिटांनी गार पाण्यात धुऊन घट्ट पिळून घ्यावा.

पांढऱ्या कांद्याचे आणखी एक मोठे जग आहे आणि ते या विषयाशी थेट जोडलेले आहे. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याचे आणि आपल्याकडे जळगावचे कांदा वाळवण्याचे कारखाने मुख्यतः पांढरा कांदा घेतात, कारण वाळवल्यावर त्याचा रंग स्वच्छ राहतो. या चकत्या आणि भुकटी परदेशी पाठवली जाते आणि सूप, मसाले, तयार डिप यांत वापरली जाते. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने भीमा श्वेता, भीमा शुभ्रा अशा पांढऱ्या जाती विकसित केल्या आहेत. यावरून हे लक्षात यावे की पाकिटातल्या भुकटीत भारतीय कांदा असणे मुळीच अशक्य नाही. फक्त त्याच्याबरोबर भरपूर मीठ येते आणि पातेल्याच्या बुडाची ती खरवडलेली चव येत नाही.

सगळे एकत्र आणताना एकच पथ्य कटाक्षाने पाळावे लागते: परतलेला कांदा पूर्ण गार झाल्याखेरीज चक्क्यात जाऊ नये. गरम कांद्याने चक्क्यातली प्रथिने आणखी आक्रसतात, पाणी सोडतात आणि घट्ट डिप पातळ, फुटल्यासारखे दिसू लागते. कांदा ताटलीत पसरून गार करावा, त्याचा दोनतृतीयांश भाग सुरीने जरा ठेचल्यासारखा बारीक करावा आणि उरलेला तसाच लांब तंतूंत ठेवावा. पहिल्याने चव सगळीकडे पसरते, दुसऱ्याने घासाला पोत येतो. चक्का आधी एकटाच चमच्याने घोटून गुळगुळीत करून घ्यावा, मग कांदा, एक ठेचलेली लसणाची पाकळी, अर्धा चमचा मिरपूड आणि आवडीप्रमाणे एखादी भाजलेली हिरवी मिरची घालावी. मीठ सर्वांत शेवटी, आणि हात राखून, कारण दोन तासांनी डिप मुरल्यावर खारटपणा अधिक जाणवतो. शीतकपाटात किमान दोन तास ठेवणे आवश्यक आहे. कांद्याची सुगंधी संयुगे स्निग्धांशात हळूहळू विरघळतात, आणि ताजे कालवलेले डिप व मुरलेले डिप यांतला फरक पहिल्याच घासाला कळतो.

वाढताना येथले वाळवण हाताशी असावे. नाचणीचा पापड तळण्याऐवजी भाजून घेतला तर त्याची किंचित कडसर, मातकट चव कांद्याच्या गोडीला फार छान तोलून धरते. पोह्याचे पापड हलके असल्याने घट्ट डिपमध्ये मोडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी डिपमध्ये दोन चमचे दूध घालून ते थोडे सैल करावे. काकडी, गाजर आणि कोवळ्या मुळ्याचे काप लहान मुलांनाही आवडतात. पोपटीतले उकडलेले बटाटे आणि अंडी यांच्यासोबत तर ते विशेष जमते. एकच मोठा वाडगा मध्यभागी ठेवण्यापेक्षा लहान वाट्यांत वाढणे चांगले, कारण अर्धा खाल्लेला पापड पुन्हा सामाईक वाडग्यात बुडवण्याची वेळ कोणावर येत नाही, आणि उरलेले डिप शीतकपाटात थंड राहते. दुधाचा पदार्थ उघड्यावर दोन तासांहून अधिक ठेवू नये, मे महिन्याच्या उकाड्यात तर एका तासातच तो आत न्यावा. अंगणातली मेजवानी लांबणार असेल तर परातीत बर्फ पसरून त्यावर वाट्या मांडाव्यात.

झाकून ठेवलेले डिप तीन दिवस चांगले राहते. वर थोडी निवळी सुटलेली दिसली तर ती ओतून देण्याऐवजी चमच्याने आत कालवावी, घट्टपणा परत येतो. गोठवून ठेवण्याचा प्रयत्न मात्र करू नये. बर्फाच्या स्फटिकांनी प्रथिनांचे जाळे तुटते आणि वितळल्यावर दाणेदार चोथा आणि पाणी वेगळे होतात. उरलेले दोन-चार चमचे दुसऱ्या दिवशी गरम तांदळाच्या भाकरीवर लावून, वर हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन संपवावेत.